दीड बोटाची फट

डिसेंबर निम्मा सरला की नगर-पुणे रस्त्याच्या कडेला पाट्या लागायला सुरुवात होते. जुन्या फ्लेक्सच्या पाठीवर लाल रंगात लिहिलेलं असतं, ‘हुरडा तयार आहे’, आणि खाली एक वाकडातिकडा बाण. बाणाच्या दिशेने पाहावं तर डोक्याच्याही वर गेलेली ज्वारी, दाण्यांत दूध भरलेली हिरवी कणसं, आणि मधोमध उभं राहून पाखरं हाकणारं कुणीतरी. सकाळी सातला तिथे धुकं असतं आणि धुक्यात गोवऱ्यांचा धूर मिसळलेला असतो. आठ वर्षं झाली, मी हा रस्ता रोज करतो. राहायला नगर, नोकरी सुप्याच्या एमआयडीसीत. पूर्वी हा वास आला की मी गाडीची काच खाली करायचो. आता काच तशीच राहते, आणि उजवा पाय ॲक्सिलरेटरवरून आपोआप वर येतो.

लोकांना हुरडा म्हटलं की शेंगदाण्याची चटणी आठवते, गूळ आठवतो, तळहातावर चोळलेल्या गरम कणसाची फुंकर आठवते. मलाही हे सगळं आठवतं. पण त्याच्या आधी साळवे काकू आठवतात.

माझी गाडी दोन दारांची आहे. बसकी, लांब नाकाची, राखाडी. पुण्याच्या एका माणसाकडून जुनीच घेतली. शाळेत असताना अशा गाडीचं चित्र मी वहीच्या कव्हरच्या आत चिकटवलं होतं. नोकरी लागून बरीच वर्षं झाल्यावर ती दारात आली. आई म्हणाली, “मागं बसायचं कुणी, मांजरानं?” खरंच, मागची सीट नावालाच होती. मित्र म्हणाले, ही रविवारची गाडी आहे, रोज नको काढू. मला मात्र ती सोमवारची हवी होती. डबा, लॅपटॉपची बॅग आणि सेफ्टी शूज टाकून कामावर न्यायची. कंपनीच्या पार्किंगमध्ये बायका-पोरांचे फोटो लावलेल्या साध्यासुध्या गाड्यांच्या रांगेत ती उभी राहिली की मला फार बरं वाटायचं. या बरं वाटण्यानेच पुढे घात केला.

तिच्यात मला एकच गोष्ट खुपायची. चाक आणि त्यावरच्या पत्र्याच्या कमानीत फट फार होती. चार बोटं सहज जायची. ज्यांना गाड्यांचं वेड नाही त्यांना यात काय खुपण्यासारखं आहे ते कळणार नाही. पण वेड्या माणसाला ती फट आखूड झालेल्या पँटसारखी दिसते. एकदा दिसली की दुसरं काही दिसतच नाही.

म्हणून दिवाळीनंतर मी कॉइलओव्हर बसवून घेतले. म्हणजे उंची कमी-जास्त करता येणारं सस्पेन्शन. शॉकअपच्या अंगावर आटे पाडलेले असतात, त्यावर एक रिंग असते आणि रिंगवर स्प्रिंग टेकलेली असते. रिंग फिरवून खाली घेतली की गाडी खाली बसते. शिवाय प्रत्येक शॉकअपच्या डोक्यावर एक छोटा नॉब. तो फिरवला की कट् कट् आवाज येतो, आणि प्रत्येक आवाजाला गाडी जरा कडक होते किंवा जरा सैल.

हे काम केलं रफिकभाईंनी. नगरमध्ये त्यांचं गॅरेज आहे, माणूस मितभाषी. गाडी लिफ्टवरून खाली घेतल्यावर त्यांनी कमानीत हात घातला. एक बोट आत गेलं, दुसरं अर्ध्यावर अडलं. “दीड बोट,” ते म्हणाले. “दिसायला एक नंबर झाली. आता ऐका. चाकाला वर-खाली व्हायला जागा कमी राहिलीये. मोठा दणका बसला तर ते आत रबराच्या ठोकळ्यावर आदळणार, आणि तिथून थेट माणसावर. रोज चालवायची असेल तर नॉब मधे ठेवा. रविवारी कडक करा, मजा करा, पण सोमवारी परत सैल करायचं. हातानं फिरतंय, दोन मिनिटांचं काम आहे.”

मी मान डोलावली. पण खरं तर मी गाडीकडे बघत होतो.

साळवे काकू आमच्या कंपनीत तपासणी विभागात होत्या. आम्ही विजेच्या बटणांचे प्लॅस्टिकचे भाग बनवतो. मी मशीन दुरुस्तीत, त्या तयार माल तपासायला. बावीस वर्षं त्यांनी एकाच टेबलाशी उभं राहून काम केलं होतं. सुटा भाग हातात आला की अंगठा कडेवरून फिरवायच्या, आणि डोळ्यांना न दिसणारी प्लॅस्टिकची बारीक कूस त्यांच्या अंगठ्याला सापडायची. त्या केडगावला राहायच्या. कंपनीच्या बसचा तिथला थांबा बंद झाला तेव्हा मीच म्हटलं, “काकू, मी तिथूनच जातो, माझ्याबरोबर चला.” त्याला दोन वर्षं झाली होती. रोज सकाळी सातला त्या कोपऱ्यावर उभ्या असायच्या, स्वेटर, स्कार्फ आणि दोन डबे. एक त्यांचा आणि एक माझा. माझं लग्न झालेलं नाही म्हणजे मी उपाशीच असणार, अशी त्यांची ठाम समजूत होती.

गाडी खाली केल्यावर पहिल्या दिवशी त्या दार उघडून क्षणभर थांबल्या. “अरे, ही खाली गेली का मीच उंच झाले?”

“खाली केली, काकू. छान दिसते ना?”

“दिसते बाबा.” त्या एक हात दारावर, एक छतावर ठेवून आत बसल्या. “पाटावर जेवायला बसल्यासारखं वाटतंय.”

आम्ही दोघं हसलो. त्यांचं वय छप्पन्न होतं. गुडघ्यांची तक्रार मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती, आणि ऐकली असती तरी त्या दिवसांत माझ्या कानापर्यंत पोचली असती की नाही, सांगता येत नाही. दुसऱ्या आठवड्यापासून त्या पिशवीतून एक उशी आणायला लागल्या. मोरपंखी रंगाची, कडेला झालर लावलेली. बसण्याआधी सीटवर ठेवायच्या, उतरताना काढून घ्यायच्या. ती उशी पाहून मला काय वाटलं होतं, तेही लिहायला हवं. मला वाटलं होतं, काळ्या सीटवर हा रंग फार विजोड दिसतो.

डिसेंबरच्या एका रविवारी गाड्यांच्या नादातले आम्ही सात-आठजण हुरड्याला जमलो. काही पुण्याचे, काही नगरचे. सकाळी निघण्याआधी मी बॉनेट उघडून पुढचे दोन नॉब आणि डिकीतलं कार्पेट उचलून मागचे दोन, असे चारही शेवटच्या टोकापर्यंत कडक केले. कामरगावच्या घाटात गाडी वळणांवर जराही झुकली नाही. ती डांबराला घट्ट धरून होती आणि मी तिला. शेतावर पोचल्यावर पुण्याचा एकजण उकिडवा बसला, चाकावरच्या फटीत बोट घातलं आणि मान वर करून माझ्याकडे बघून हसला. गोवऱ्यांच्या आगटीतून कणसं निघत होती, जोंधळ्याच्या हिरव्या गोडीला धुराची चव लागली होती, पाठीवर ऊन होतं. तो रविवार माझ्या आयुष्यातल्या सुखाच्या रविवारांपैकी एक होता. हेही खरं आहे, आणि ते लपवून उरलेलं सांगण्यात अर्थ नाही.

सोमवारी सकाळी मी नॉब सैल केले नाहीत.

पुढे मी स्वतःलाच सांगत राहिलो की उशीर झाला होता. उशीर झालाही होता, पाचेक मिनिटं. पण खरं कारण ते नव्हतं. आदल्या दिवशीची ती गाडी मला अजून एक दिवस हवी होती. शेजारी कोण बसणार आहे ते मला ठाऊक होतं. तेवढ्याने तो विचार बदलला नाही.

त्यात मी हमरस्ता सोडून आतला रस्ता धरला. थोडा लांबचा, पण वळणांचा, दोन्ही बाजूंनी ज्वारी. धुकं होतं. काकू त्यांच्या मुलीबद्दल सांगत होत्या. ती श्रीरामपूरला दिलेली, तिच्या सासूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. मी हूं हूं करत होतो. एका वस्तीजवळच्या वळणातून बाहेर पडलो आणि समोर गतिरोधक होता. शनिवारपर्यंत तो तिथे नव्हता. आदल्या दिवशी हुरड्याला आलेल्या कुणाच्या तरी गाडीने वासराला उडवलं, म्हणून वस्तीवरच्या लोकांनी संध्याकाळीच मुरूम आणि दगड घालून उंचवटा केला होता. रंग नाही, पाटी नाही.

मी ब्रेक दाबला, पण गाडी त्यावर चढलीच. आवाज असा झाला, जणू खालून कुणी घण घातला. मी स्टिअरिंगला धरून होतो. काकूंच्या तोंडून “आई गं” इतकंच आलं, तेही हळू.

मी गाडी कडेला घेतली. दार उघडलं. खाली उतरलो आणि पुढे जाऊन गुडघ्यांवर बसलो. बंपरच्या खालच्या ओठावर हात फिरवला. डावीकडे थोडा खरवडला होता. मान वाकवून इंजिनाखाली तेल गळतंय का ते पाहिलं. गळत नव्हतं. मग उभा राहिलो, हात झटकले, आणि तेव्हा काचेतून मला काकू दिसल्या. त्या माझ्याकडेच बघत होत्या. चेहरा खडूसारखा पांढरा झाला होता.

“लागलं का, काकू?” मी आत येऊन विचारलं.

“गाडीला काही झालं का रे?”

“नाही.”

“बरं झालं.” त्यांनी डोळे मिटून श्वास घेतला, अर्धाच. “चल. उशीर होतोय.”

मी निघालो. पुढचा सगळा रस्ता मी अगदी सावकाश गाडी चालवली.

त्या दिवशी काकू साडेबारापर्यंत टेबलाशी उभ्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत स्टुलावर बसल्या आणि मग त्यांना उठता येईना. कंपनीच्या रुग्णवाहिकेतून त्यांना नगरला नेलं. माझ्या गाडीत बसवायचा प्रश्नच नव्हता, तेवढं वाकणं त्यांना शक्यच नव्हतं. मी माझ्या गाडीने मागोमाग गेलो. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? मी तोंड उघडणार, एवढ्यात झोपल्या झोपल्या काकू म्हणाल्या, “सकाळी बाथरूममध्ये पाय घसरला. तशीच कामावर आले.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या छताकडे बघत होत्या.

एक्स-रेत कमरेच्या वरचा एक मणका दबलेला दिसला. या वयात बायकांची हाडं ठिसूळ होतात, डॉक्टर मला समजावत होते, बसल्या जागी दणका बसला तरी पुरतो. सहा आठवडे पडून राहायचं, मग पट्टा. तेवढ्यात साळवे काका आले. एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त झालेले. उंच, सडपातळ, पांढरा सदरा, पायात अजूनही खात्याने दिलेले असावेत तसे काळे बूट. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, काकूंच्या कपाळावर हात ठेवला. मग माझ्याकडे वळून माझे दोन्ही हात हातात घेतले.

“पोरा, तू हुतास म्हणून बरं झालं,” ते म्हणाले. “न्हाईतर हिनं सांगितलंबी नसतं कुनाला.”

शिव्या खाल्ल्या असत्या तर मला सोसल्या असत्या. ते दोन हात मात्र सोसवेनात. गरम होते, खरखरीत होते, आणि त्यांनी मला लवकर सोडलं नाही.

घरी आल्यावर पार्किंगमध्ये मी बॉनेट उघडलं, डिकीचं कार्पेट उचललं आणि चारही नॉब सैल केले. मोबाईलवर वेळ लावली होती. रफिकभाईंचा अंदाज चुकला होता. सहा मिनिटं लागली.

त्यानंतरच्या रविवारी मी काकूंना भेटायला गेलो. केडगावच्या आतल्या गल्लीत दोन खोल्यांचं घर, पुढे थोडं अंगण. भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली मुलीच्या पदवीचा. काकू लोखंडी कॉटवर उताण्या पडलेल्या. काका दूध आणायला बाहेर पडले तसा मी खुर्ची पुढे ओढली.

“काकू, तुम्ही का खोटं बोललात? मी सांगतो काकांना. आत्ता आले की सांगतो.”

“खबरदार.” त्यांचा आवाज तपासणी विभागातला झाला. “तुझ्यासाठी नाही बोलले मी, उगाच तसं समजू नकोस. जाता-येता लागलं हे कळलं तर हे मला त्याच दिवशी नोकरी सोडायला लावतील. आधीपासून मागे लागलेत, पुरे झालं म्हणून. दीड वर्ष राहिलंय माझं. मला ते पूर्ण करायचंय. बावीस वर्षं उभी राहिलेय त्या टेबलाशी, झोपून नाही निघायचंय मला तिथून.”

“पण माझी चूक...”

“आहेच.” त्या म्हणाल्या. “नाही कोण म्हणतंय? पण आता गप्प बस.”

मी गप्प बसलो. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. त्यांनीच बोलू नको म्हटलंय म्हणजे माझं गप्प राहणं आता पाप नव्हतं, उलट त्यांचा शब्द पाळणं होतं. इतक्या सहज माणूस स्वतःला सोडवून घेतो. त्या सुटकेची लाज मला घरी पोचल्यावर वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

त्या हंगामात मी प्रत्येक रविवारी केडगावला गेलो. गाड्यांच्या मित्रांचे फोन यायचे, मी काहीतरी सांगून टाळायचो. काकांच्या भावाचं शेत होतं. तिथून ते कणसं आणायचे आणि अंगणातच छोटी आगटी करायचे. खळग्यात गोवऱ्यांचा विस्तव, त्यात कणसं खोचायची, साल काळी पडली की काढून तळहातावर चोळायची. काका उकिडवे बसून चोळायचे, फुंकर मारून कोंडा उडवायचे आणि पहिली मूठ काकूंना आत नेऊन द्यायचे, दुसरी मला. हिरवे, गरम, गोड दाणे. मी ते खायचो. घशाखाली उतरायचेही. अपराधी माणसाला घास गिळवत नाही असं आपण वाचतो, पण मला गिळवत होता, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटायचं.

काका बोलायचे ते बहुधा एसटीबद्दल. कुठली गाडी चढाला दमायची, कुठल्या फाट्यावर चहा चांगला. एकदा कणीस चोळता चोळता म्हणाले, “मागच्या शिटावर म्हातारं मानूस बसलं ना, की मला आरशात दिसायचं. मंग माझा खड्डाच बदलायचा. तोच रस्ता, तीच गाडी, पन मी येगळा चालवायचो.” मी कोंडा फुंकत राहिलो. ते माझ्याकडे बघत नव्हते.

या काळात मी किती जणांना आरोपी केलं! पाटी न लावणाऱ्या वस्तीवरच्या लोकांना. त्या वासराला उडवणाऱ्याला. धुक्याला. शेवटी शेवटी तर काकूंच्या हाडांनाही. कॅल्शियमच्या गोळ्या घेतल्या असत्या तर, असा विचार एकदा मनात आला, आणि तो माझाच होता. गाडी वर उचलायला मी रफिकभाईंकडे गेलो, तेव्हा ते फटीत हात घालून म्हणाले, “आता तीन बोटं. बास?” मी म्हटलं, बास. त्यांनी का ते विचारलं नाही. बंपरवरचा ओरखडा बघून त्यांना बहुतेक वाटलं, गाडी लागली म्हणून उंच करतोय.

फेब्रुवारीत काकू कामावर आल्या. कमरेला पट्टा, एसटीने, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर. एसटीचा आग्रह काकांचा होता. टेबलाशी त्यांना स्टूल दिलं होतं. पण स्टुलावर अर्धा तास बसलं की पाठ भरून यायची, आणि उभं राहिलं की पाय बधिर व्हायचे. मी दुरून पाहायचो. त्या अंगठा कडेवरून फिरवायच्या आणि मधेच थांबून टेबलाचा काठ धरायच्या. तीन आठवडे त्यांनी हे केलं. मग स्वतःच साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या आणि राजीनामा देऊन आल्या. दीड वर्ष बाकी होतं, ते तसंच राहिलं.

कँटीनमध्ये निरोप समारंभ झाला. साडी, नारळ, फुलं. त्यांना बोलायला सांगितलं तर त्या चार वाक्यं बोलल्या. त्यांतलं एक असं होतं: “निखिलनं दोन वर्षं मला घरच्यासारखं नेलं-आणलं, त्याचे आभार मानते.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारच्याने माझ्या पाठीवर थाप मारली.

त्या दिवशी ठरवलं. त्यांचं खोटं ज्या नोकरीसाठी होतं, ती नोकरीच आता उरली नव्हती. आता मी गप्प राहिलो तर ते फक्त माझ्यासाठी असणार होतं.

मार्चच्या सुरुवातीचा रविवार. शेतं मोकळी झाली होती, ज्वारी काढून कडब्याच्या पेंढ्या उभ्या होत्या, हवेत तूस उडत होतं. काकू आठ दिवसांसाठी मुलीकडे गेल्या होत्या. काका अंगणात पोत्यावर बसून नवी ज्वारी चाळत होते. मी समोर उभा राहिलो आणि बसायचीही वाट पाहिली नाही.

“काका, काकू बाथरूममध्ये पडल्या नव्हत्या. माझ्या गाडीत लागलं त्यांना. मी गाडी खाली केली होती, कडक केली होती, आणि वेगात होतो. आणि दणका बसल्यावर मी आधी उतरून गाडी बघितली. त्यांना नंतर विचारलं.”

काकांची चाळणी थांबली. थोडा वेळ त्यांनी त्यात राहिलेले खडे वेचले.

“म्हायती हाय मला,” ते म्हणाले.

“काकूंनी सांगितलं?”

“न्हाई. तिनं आजूनबी सांगितल्यालं न्हाई. त्या दिवशी सकाळी कोपऱ्यापर्यंत मीच गेल्तो तिच्याबरोबर. धुकं हुतं म्हणून. तुझी गाडी दिसल्यावर मागं फिरलो. चांगली धड चालत गेल्ती. आन् दवाखान्यात म्हनती, सकाळी पडले.” त्यांनी खडे अंगणात टाकले. “छत्तीस वर्सं गाडी चालवली मी. बसल्या जागी मनका कशानं दबतो ते मला डॉक्टरनं सांगावं लागतंय व्हय?”

“मग तुम्ही... हात धरून मला...”

“ती झाकत हुती. मी कसं उघडं करनार? तिला नोकरी पुरी करायची हुती, ते मला कळत न्हाई का? आन् तुझं म्हनशील, तर ते तू बोलायचं हुतं.” त्यांनी पहिल्यांदाच वर पाहिलं. “दर रविवारी यायचास. मला वाटायचं, आज बोलंल. कनसं संपली, हुरडा संपला, जवारी निघाली. लई दिवस लावलेस पोरा.”

मी माफी मागितली. ते “बरं” म्हणाले नाहीत, “जाऊ दे” म्हणाले नाहीत. गुडघ्यावर हात देऊन उठले, आत गेले, ते काळे बूट घालून आले. हात पुढे केला.

“किल्ली दे. कुठं झालं ते दाखव.”

गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी होती. काकांनी ड्रायव्हरची सीट मागे सरकवली, आरसे लावून घेतले, गिअर एकदा चाचपले. मी पलीकडचं दार उघडून बसलो. गाडी घेऊन चार वर्षं झाली होती, आणि त्या सीटवर मी कधीच बसलो नव्हतो. समोर स्टिअरिंग नाही. पायांना पेडल नाही. हातांना करण्यासारखं काही नाही.

त्यांनी गाडी फार हळू चालवली, तीसच्या आत. तरी रस्त्यातला प्रत्येक जोड मला कळत होता. सुटी खडी, पुलाची सांध, पाईपलाईनसाठी खणून बुजवलेली चर. स्टिअरिंग हातात असलं की खड्डा आधी डोळ्यांना कळतो, मग हातांना, आणि अंगाला येईपर्यंत आपण तयार असतो. शेजारी बसलेल्याला तो एकदमच कळतो, खालून, पाठीत. चार वर्षं मी या गाडीची उंची मोजली, कडकपणा मोजला, टायरची हवा मोजली. दुसऱ्या बाजूने बसून एकदाही पाहिलं नव्हतं.

त्या वस्तीजवळ आता पांढरे पट्टे मारलेले होते. काकांनी खूप आधीपासून वेग कमी केला, गतिरोधकावर गाडी तिरकी घेतली, एकेक चाक चढवलं, एकेक उतरवलं. तरीही शेवटचं चाक उतरताना माझ्या कमरेत बारीकसा हिसका बसला. पुढे जाऊन त्यांनी गाडी थांबवली. इंजिन चालूच होतं. दोन्ही बाजूंना नुसती धसकटं उरलेली काळी रानं.

“आता सैल केलीस न्हवं ही?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“आन् उंचबी.”

“हो.”

काकांनी मान हलवली. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर.

“मंग त्या दिवशी कशी आसंल,” ते म्हणाले.

मला विचारलं नव्हतं त्यांनी, स्वतःशीच बोलले. त्यांनी गिअर टाकला आणि गाडी वळवून घराकडे घेतली, आली होती तशीच, हळू.